बसलेल्या इंजिनाचा हिशेब

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी या भागांत पाणी दिवसेंदिवस हललं नाही आणि ओसरलं तेव्हा गाळानं माखलेल्या मोटारी जागोजागी उभ्या दिसल्या. 2005 चा पूर पाहिलेल्यांना हे नवं नव्हतं; जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. अशा वेळी गाडीचा मालक पहिली गोष्ट कोणती करतो? दार उघडतो, ओल्या सीटवर पोतं टाकतो आणि किल्ली फिरवतो. बॅटरी मेलेली असते. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणतो, दोर बांधून गाडी ओढली जाते आणि दुसऱ्या गिअरला क्लच सोडला जातो. पुरातून वाचलेलं इंजिन बरेचदा इथं मरतं.

का मरतं, ते आकड्यांत पाहू. आपल्याकडच्या कितीतरी टॅक्सींत ज्यानं संसार केला ते फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन घ्या. एकूण 1248 सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 312 सीसी. कॉम्प्रेशन रेशो साडेसतराच्या आसपास. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा डोक्यावर जागा उरते ती एकोणीसेक सीसी. चहाचे चार चमचे पाणी तिथं असलं की जागा भरली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पुढून ट्रॅक्टरचा जोर लागलेला असतो. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बाराशे सीसीच्या, दहाच्या आसपास रेशो असलेल्या पेट्रोल इंजिनात हीच जागा तेहतीसेक सीसी असते, त्यामुळं ते जरा जास्त सोसतं, एवढंच. आणि भरल्या ओढ्यातून गाडी घालताना धावत्या इंजिनानं पाणी ओढलं, तर रॉड नुसता वाकेल असं नाही, तुटून ब्लॉक फोडून बाहेरही येऊ शकतो.

यातला फसवा प्रकार म्हणजे थोडासा वाकलेला रॉड. पाणी काढलं, ऑइल बदललं, इंजिन चालू झालं, मालकानं पेढे वाटले. रॉडची लांबी मिलिमीटरच्या काही दशांशानं कमी झालीय हे बाहेरून कळत नाही. पिस्टन तिरका चालतो, एका अंगानं सिलिंडर खातो आणि काही महिन्यांनी भर हमरस्त्यावर रॉड सुटतो. हे पकडायची रीत सोपी आहे. हेड उतरवायचं, प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणायचा आणि ब्लॉकच्या पातळीपासून त्याची उंची डायल गेजनं मोजायची. चारही आकडे एकसारखे आले तर ठीक. एखादा खाली राहिला तर तो रॉड गेला. अर्ध्या दिवसाचं काम. पूरग्रस्त गाडी घेऊन जाणाऱ्यानं एवढं एकच मागितलं तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

पूर मात्र रोज येत नाही. सातारा-सांगलीत इंजिनं बसण्याची रोजची कारणं वेगळी आहेत आणि ती बहुतेक ऑइल आणि पाणी या दोन शब्दांत संपतात. उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यावर किंवा गावच्या बेहिशेबी गतिरोधकावर खालचा ऑइलचा चेंबर आपटतो, चीर जाते, ऑइल गळून जातं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. 'पुढच्या फाट्यावर बघू' म्हणून माणूस गाडी दामटतो. क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. तो थर गेला की धातूवर धातू, आणि काही मिनिटांत बेअरिंग वितळून क्रँकला चिकटतं. इंजिन सीज. दुसरं कारण घाट. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली: चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं, वारा कमी मिळतो, आणि रेडिएटरचं पाणी आधीच कमी असेल तर काटा वर चढतो. तिसरं कारण फारसं कुणी बोलत नाही, ते म्हणजे बोअरचं पाणी. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत बोअरच्या जड पाण्यानं घरातल्या हंड्याला पांढरा थर येतो. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये धरतो आणि त्या बुजतात. कूलंटचा डबा महाग वाटतो म्हणून बोअरचं पाणी घालणारा माणूस पुढं हेडचं बिल भरतो.

तापलेल्या इंजिनात नेमकं काय होतं? बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा असतो, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टनी जखडलेलं हेड फुगायला जागा शोधतं आणि वाकतं. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये हेडचा वाक 0.05 मिलिमीटरपर्यंतच चालतो. केसाची जाडीही बहुधा याहून जास्त असते. त्यापुढं गेलं की गॅस्केट दाब धरत नाही, पाणी ऑइलमध्ये जातं आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. वर कुणी तापल्या इंजिनावर गार पाण्याची घागर रिकामी केली तर तडाही जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. असं पार गेलेलं इंजिन पुन्हा बांधावं का? या दोन जिल्ह्यांत याचं उत्तर पटकन 'हो' असं येतं, आणि त्यामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला, तो आज पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर तिथून गावोगाव गेले. धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये सातारा रोडला कारखाना उभा केला आणि 1930 च्या दशकात तिथं डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. (हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते; इंजिन बनवणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राला पुन्हा मिळाला नाही.) कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं पाणी उपसायला ऑइल इंजिनं बसली, गुऱ्हाळांना लागली, त्यांच्या दुरुस्तीतून कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्र्या आणि मशीन शॉप वाढले. आज कोल्हापूरजवळ शिरोलीला पिस्टन बनतात, गोकुळ शिरगावला इंजिनाची बेअरिंगं बनतात. बीड ओतणं, क्रँक ग्राइंड करणं, बोअर मारणं ही कामं इथल्या माणसांच्या हातात बसलेली आहेत. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी जुन्या सामानातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली आणि 2022 मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, तेव्हा देशाला कौतुक वाटलं. इथल्या लोकांना कौतुक वाटलं ते बोलेरोचं.

पण याच इतिहासात एक खोड आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथं आहे. आपली 'इंजिनाचं काम' ही कल्पना ट्रॅक्टर, ऑइल इंजिन आणि वडापच्या, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणाऱ्या, जीपवर तयार झाली. बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली बाही, सुटा असतो. जुना उपसायचा, नवा बसवायचा, सोबत पिस्टन, रिंगा, बेअरिंगं; ब्लॉकला हात लावायची गरज नाही. गळिताचा हंगाम सुरू व्हायच्या आधी झाडाखाली ताडपत्री टाकून हे काम होतं आणि पुढचे हंगाम निभतं. ते इंजिन मुळात असं उघडण्यासाठीच बनवलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जीपचंही साधारण तसंच: जाड ब्लॉक, सैल माप, यांत्रिक पंप.

आजच्या मोटारीचं इंजिन तसं नाही. पुष्कळशा पेट्रोल इंजिनांचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा, आत बिडाच्या पातळ बाह्या ओतून बसवलेल्या. त्यात बोअर मारायला मांसच कमी. काही इंजिनांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही. हेडचे बोल्ट बहुतेकदा एकदाच वापरायचे असतात, कारण ते आवळताना ताणले जातात. काही रॉडची टोपी कापून न काढता मुद्दाम तोडून वेगळी केलेली असते. तिचा खडबडीत भाग दुसऱ्या कुठल्याही रॉडवर बसत नाही आणि कानशीनं घासून चालत नाही. डिझेलला कॉमन रेल, इंजेक्टर, टर्बो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरतो, आणि इंजिन बसताना ऑइलमध्ये सुटलेला धातूचा कीस त्याच्याकडंही पोचतो. नवीन इंजिन बांधून जुना टर्बो आणि न धुतलेला ऑइल कूलर तसाच जोडला, तर तोच कीस नव्या बेअरिंगांत परत येतो. लोक म्हणतात, 'काम टिकलं नाही.' कामाचा दोष नव्हता, साफसफाई झाली नव्हती.

म्हणून इंजिन बांधणं म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं. चांगल्या मशीन शॉपमध्ये पहिलं काम मोजणीचं असतं. ब्लॉक आधी रसायनात उकळून धुतात, ऑइलच्या वाटांची बुचं काढून आतून ब्रश फिरवतात. मग बोअर गेज सिलिंडरमध्ये उतरवतात: वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. सिलिंडर लंबगोल झालाय का, वर रुंद आणि खाली अरुंद झालाय का, ते या आकड्यांतून कळतं. सगळ्यात जास्त खाल्लेल्या सिलिंडरवरून पुढचं माप ठरतं: 0.25 की 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज. शहाणा माणूस पिस्टन आधी हातात घेतो, तो मायक्रोमीटरनं मोजतो आणि मग त्याच्या मापानं बोअर मारतो. डब्यावरच्या आकड्यावर विसंबत नाही. बोअरनंतर होनिंग. आतल्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी दिसली पाहिजे, त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर पाहून खूश होणाऱ्या गिऱ्हाईकाला हे समजावणं हीसुद्धा एक कला आहे.

क्रँकचं तसंच. चाटलेला जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, दहा पॉइंट, वीस पॉइंट ग्राइंड करतात (इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडं पॉइंट म्हणतात) आणि तेवढं जाड बेअरिंग टाकतात. पण क्रँकचा वरचा थर कडक केलेला असतो. काही क्रँकना तो इतका पातळ असतो की एका ग्राइंडिंगमध्येच निघून जातो. जर्नल चमकतो, आतून मऊ असतो. शिवाय जर्नलच्या कडेला जी गोलाई ठेवलेली असते ती ग्राइंडिंगच्या चाकानं काटकोनात कापली, तर क्रँक नेमका तिथून तुटतो. वाकलेला क्रँक दाबून सरळ करण्याचा उद्योगही चालतो. मोटारीच्या बाबतीत तो करू नये, नवा क्रँक घ्यावा. रॉडनं भोक पाडलेला ब्लॉकही निकेलच्या काडीनं वेल्ड करून किंवा टाके घालून जोडता येतो. पाण्याच्या वाटेला बाहेरून चीर असेल तर तो जोड वर्षानुवर्षं टिकलेला दिसतो. बेअरिंगच्या आधाराजवळ किंवा सिलिंडरच्या भिंतीत असेल तर ब्लॉक बदलावा.

यातल्या कुठल्याही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही. मोजायला आणि जुळवायला बोअर गेज, मायक्रोमीटर, डायल, टॉर्क रेंच आणि त्या इंजिनाचं मापांचं पुस्तक, एवढं पुरतं. पैकी शेवटच्या दोन गोष्टींचीच आपल्याकडं टंचाई. हातातल्या अंदाजावर बोल्ट आवळणारे मिस्त्री फार, आणि त्यांचा हात खरोखर चांगला असतो, हेही खरं; पण अमुक टॉर्क आणि वर नव्वद अंश अशी आवळणी मनगटाला कळत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, कराडला आणि सांगलीला नावाजलेली अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तरी मशीन शॉपवर पन्नाशीच्या पुढचे कारागीर दिसतात आणि हाताखाली पोरगा नसतो. पोरगा शोरूमला लागलेला असतो. तिथं इंजिन बांधत नाहीत, असेंब्ली बदलतात.

मग दुसरे रस्ते. कंपनीचं नवं अर्धं इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जुळवून आलेलं, हा सगळ्यात निर्धोक आणि सगळ्यात महाग. ते मिळेलच असं नाही. मारुतीनं एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज-6 लागू होताना डिझेल गाड्या थांबवल्या. त्या हजारो गाड्या अजून पुणे-बंगळूर रस्त्यावर धावतायत आणि त्यांच्यासाठी बांधकाम हाच खरा पर्याय उरत चाललाय. उलट बाजूला जुन्या बाजारातलं इंजिन: मुंबईचा कुर्ला, दिल्लीचं मायापुरी. अपघातात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन स्वस्तात येतं आणि दोन दिवसांत बसतं. पण ते कुठल्या गाडीचं, किती पळालेलं, पुरातलं तर नाही ना, हे विकणाऱ्याच्या तोंडावर. त्याहून मोठी अडचण नंबरची. इंजिन नंबर आरसी बुकावर असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं इंजिन बदललं तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते; मग गाडी एमएच-11 असो, एमएच-10 असो की कराडची एमएच-50. त्या वेळी इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद लागतात. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस मिस्त्रीकडं जात नाहीत, मालकाकडं येतात. ब्लॉक तोच ठेवून बांधलेल्या इंजिनाला ही कटकट नाही. बांधकामाच्या बाजूनं हा मुद्दा फार वजनाचा आहे आणि तो हिशेबात क्वचित धरला जातो.

विम्याबद्दल थोडक्यात, कारण तो भाग सरळ आहे आणि तरी लोक फसतात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं. पण पाण्यानंतर इंजिन फिरवल्यामुळं झालेलं नुकसान हे पुढचं, ओढवून घेतलेलं नुकसान म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. धातूच्या भागांवर वयानुसार घसारा कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. कृष्णाकाठी गाडी असेल तर ते जादा कवच घ्याच. आणि पुराच्या गाडीचं इंजिन बांधून झालं तरी वायरिंग, कंट्रोल युनिट, एअरबॅगचे सेन्सर यांत गेलेला ओलावा वर्षभर त्रास देतो. आठवडाभर छतापर्यंत बुडालेली नवी गाडी असेल आणि विमा कंपनी पूर्ण नुकसान द्यायला तयार असेल, तर इंजिनाच्या मोहात पडू नये.

उरते ती दहा-बारा वर्षं वापरलेली, बॉडी धडधाकट असलेली, घाटात तापून किंवा चेंबर फुटून बसलेली गाडी. सातारा-सांगलीत असल्याच गाड्या जास्त. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. म्हणजे अशा गाडीला कागदावरही आयुष्य शिल्लक असतं. सप्टेंबर 2025 मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, छोट्या नव्या गाड्यांवरचाही उतरला. त्यामुळं दोन्ही पारडी हलली, पण बिलाचा मोठा भाग सुट्या भागांचा असतो आणि तो इथं हलका झाला. अशी गाडी बांधावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त तापून बसलेल्या गाडीचा जुना रेडिएटर आणि ऑइलविना मेलेल्या गाडीचा जुना ऑइल पंप परत बसवू देऊ नये. ज्यानं इंजिन मारलं तोच भाग वाचवण्यात लोक काटकसर करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

काम देताना मिस्त्रीशी घासाघीस मजुरीवर करू नका. त्यापेक्षा तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. जुने पिस्टन, बेअरिंगं, बोल्ट पोत्यात भरून परत द्यायचे. बोअरची, क्रँकची आणि हेडची मापं, कामाआधीची आणि नंतरची, कागदावर लिहून द्यायची. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलून हेडच्या बाजूनं गळती तपासायची. 'साहेब, हेड उघडल्याशिवाय काय सांगता येत नाही' असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. गाडीला हात न लावता फोनवर रक्कम सांगणाऱ्याकडं गाडी नेऊ नका.